कणसाची वही : वाफ, गावरान मका आणि शेंगाचटणी

यंदाच्या पावसाळ्यात आत्तापर्यंत 22 कणसं झाली. मधे आषाढी एकादशी आली. त्या दिवशी मका चालत नाही, म्हणून वहीतलं ते पान कोरं आहे.

स्वीट कॉर्न पातेल्यात उकळणं मी बंद केलंय. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यात चार कणसांसाठी मोठं पातेलं भरलं की घरची बोलणी खायची. आता इडलीपात्राच्या तळाशी दोन पेले पाणी घालतो, वर जाळीवर कणसं आडवी ठेवतो आणि वाफ धरल्यावर 6 मिनिटं मोजतो. तेवढ्यात दाणा फुगतो आणि दाताखाली कच्कन फुटतो. एकदा फोनवर बोलत बसलो, 15 मिनिटं झाली आणि दाणे सुरकुतले. मीठ नंतरच लावायचं.

वाफेपेक्षा मोठा फरक पडला तो तोडणीच्या वेळेने. मोहोळकडच्या मावसभावाच्या रानातून रविवारी सकाळी सहा कणसं आणली. त्यातली चार दुपारच्या आत खाल्ली. पाचवं पाल्यासकट ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलं आणि सहावं मुद्दाम ओट्यावर. सोमवारी रात्री दोन्ही एकाच पात्रात वाफवली. फ्रीजमधलं जरा उतरलं होतं, पण गोड होतं. ओट्यावरचं पिठूळ, चावून चावून गिळायचं. कणीस तोडल्यावरही दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत राहतो, आणि उकाड्यात तो झपाट्याने होतो. बाजारात सोलून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणसं दिसतात, ती मी घेत नाही. तोडून किती दिवस झाले ते पाल्यावरून कळतं, आणि तो पालाच काढून टाकलेला असतो.

लक्ष्मी मार्केटात घेताना पाला हिरवा हवा, केस टोकाला तपकिरी हवेत पण वाळून कुरकुरीत झालेले नकोत. पाला न सोलता बोटांनी दाबत शेंड्यापर्यंत जायचं, पोकळ लागलं तर तिथे दाणे भरलेले नसतात. एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसापर्यंत पराग पोचला नाही त्याचा दाणा भरतच नाही. दाण्यांच्या ओळी सहसा सम असतात हे सांगून मी लेकीकडून पैज जिंकली (16 निघाल्या), आता ती प्रत्येक कणीस मोजूनच खाते आणि जेवण लांबतं.

गावरान मक्याची गत वेगळी. नख रुतवल्यावर पांढरं दूध आलं तर तो भाजायचा. निबर झाला असेल तर कुकरला लावायचा, माझ्याकडे 4 शिट्ट्या लागतात. गॅसवर पापडाच्या जाळीने केलेला प्रयोग फसला. बाहेरून काळं, आत कच्चं, वर एक दाणा फट्कन उडून चष्म्यावर बसला. कोळशाची शेगडी काढली तेव्हा जमलं. ज्वाळ बसू द्यायची, निखाऱ्यावर राखेचा पातळ थर आला की कणीस ठेवायचं आणि फिरवत राहायचं. पंख्याने वारा घालायचा तो निखाऱ्याला, कणसाला नाही.

वाढताना लोणी लावून पाहिलं, ते घसरून ताटात जमलं. आपली सोलापुरी शेंगाचटणी त्याहून बरी. उखळात कुटलेली असली की दाण्यांचं तेल सुटतं आणि ती चिकटून बसते. मिक्सरची कोरडी पूड मात्र नुसती गळते. आधी गरम कणसावर लिंबाची फोड चोळायची, मग लगेच चटणीत लोळवायचं. उलट केलं तर लिंबाबरोबर चटणी निघून येते, हे दोन कणसं घालवून कळलं. खाली ताटली नको, त्याचाच पाला पसरायचा.

आईला दातांमुळे कणीस तोडता येत नाही. तिच्यासाठी वाफवलेलं कणीस उभं धरून सुरीने दाणे उतरवले, वर तीच चटणी आणि चमचाभर तूप. तिने वाटी पुढे करून पुन्हा मागितलं, म्हणून तेविसावं कणीस आत्ता पात्रात आहे.