दहा एकरात कपाशी किती, सोयाबीन किती?

जालना-परभणीकडच्या काळ्या रानात खरिपाआधी हाच हिशोब चालतो. आकडे समजा असे: सोयाबीनला एकरी खर्च १२,००० रुपये, मजूर-दिवस १०, नफा १०,०००. कपाशीला २०,०००, ३० आणि १६,०००. हाताशी १० एकर, १,६०,००० रुपये, २१० मजूर-दिवस.

रेषीय प्रोग्रामिंग म्हणजे ठरलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त नफा शोधायचं गणित. त्यात उत्तर मर्यादांच्या कोपऱ्यावर, म्हणजे त्यांच्या रेषा जिथे मिळतात तिथे, सापडतं. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत असेच कोपरे तपासत जाते. इथे ५ एकर कपाशी, ५ एकर सोयाबीन, नफा १,३०,०००. दहा मजूर-दिवस उरतात.

खरी गंमत सावली-किमतीत आहे, म्हणजे एखादी मर्यादा थोडी सैल केली तर नफा किती वाढतो यात. भांडवल हजाराने वाढवलं तर नफा ७५० ने वाढतो, पण फक्त पहिल्या चार हजारांपर्यंत. पुढे मजूर अडतात. आणखी एक एकर मात्र जेमतेम १,००० देतं, कारण कपाशी कमी करून सोयाबीन वाढवावं लागतं. म्हणजे त्याहून जास्त ठोक्याने रान घेणं तोट्याचं!

कपाशीचा नफा १६,६६७ च्या वर गेला की उत्तर उडी मारतं: कपाशी पावणेसहा, सोयाबीन पावणेचार, अर्धा एकर पडीक. शेतकऱ्याला हे पटणार नाही, गणिताला पटतं.

हे गणित एक्सेलच्या सॉल्वर या साधनात सुटतं: त्यात ‘सिम्प्लेक्स एलपी’ पद्धत निवडा, ऋण उत्तरं बंद करा. गुंठे आणि एकर मिसळू नका. मजूर हंगामभराचे एकत्र मोजले तर वेचणीच्या पंधरवड्यातली टंचाई दिसतच नाही. ती मर्यादा वेगळी लिहा.