खाली दुकान, वर घर: फिलाडेल्फियातलं एक जुनं घर विकायला निघालंय

आमच्या भाड्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर साऊथ फोर्थ स्ट्रीट आहे, तिथल्या एका घरावर विक्रीचा बोर्ड लागलाय आणि गेले पंधरा दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये. तीन मजली, लाल विटांचं, दोन्ही शेजाऱ्यांशी भिंतीला भिंत, रुंदी जेमतेम एका दुकानाची. खाली दुकान, वर बिऱ्हाड.

या पट्ट्याला फॅब्रिक रो, म्हणजे कापडाची गल्ली, म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेली ज्यू माणसं इथे हातगाड्यांवर कापड विकायची, मग हळूहळू हातगाड्यांची पक्की दुकानं झाली, आणि रस्त्याला यिडिशमध्ये, म्हणजे त्या ज्यूंच्या भाषेत, नाव पडलं ‘डेर फर्डर’, म्हणजे चौथा. आता कॅफे, कपड्यांची छोटी दुकानं असं सगळं आहे, पण कापडाची काही दुकानं अजून टिकून आहेत आणि संध्याकाळी फुटपाथवर भरपूर माणसं असतात. हे सगळं आज दिसतंय तेही नशीबच, कारण जवळच्या साऊथ स्ट्रीटच्या पट्ट्यातून क्रॉसटाउन एक्सप्रेसवे न्यायचा घाट घातला होता, नुसत्या त्या धास्तीनेच किमती कोसळल्या, दुकानं बंद पडली, लोकं सोडून गेली. रहिवासी वर्षानुवर्षं भांडले आणि १९७० च्या दशकात तो रस्ता रद्द झाला. नदीकडचा आय-९५ महामार्ग मात्र झालाच, त्यात या भागातली कितीतरी जुनी घरं गेली.

रविवारी ओपन हाऊस होतं, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. आत शिरताना दाराच्या उजव्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला एक तिरका खळगा दिसला, रंगाचे थरावर थर बसलेले. नंतर माझ्या ऑफिसातल्या एका ज्यू मैत्रिणीला फोटो दाखवला तर ती लगेच म्हणाली, इथे मेझुझा असणार, म्हणजे ज्यू घरांच्या दाराला लावतात ती धर्मवचनांची छोटी डबी. आत जुनं लाकडी काउंटर तसंच आहे, आणि त्याच्या कडेला ओळीने ठोकलेले पितळी खिळे, कापड मोजायचे! माथे घासून घासून पार गुळगुळीत झालेत. मी बोट फिरवलं आणि तिथून हलावंसंच वाटेना.

एजंट बाई म्हणाली, काउंटर काढून टाकलंत तर इथे मस्त मॉडर्न किचन होईल. मला ते अजिबात पटलं नाही. सीएमएक्स-२ झोनिंग आहे, म्हणजे खाली धंदा आणि वर राहणं हे रीतसर चालतं, आणि मुळात असल्या खालच्या दुकानांमुळेच ही गल्ली जिवंत आहे. चार जणांनी दुकानं बंद करून पडदे ओढून घेतले की संध्याकाळची सगळी वर्दळच गेली.

घर मात्र काम मागतंय. मागच्या भिंतीला ओल आहे आणि विटांचे पापुद्रे निघतायत. कारण बघितल्यावर कळलं, कुणीतरी विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्यात. जुनी वीट मऊ असते, तिला चुन्याच्याच दरजा लागतात म्हणजे आतली ओल दरजेतून बाहेर पडते, सिमेंट तिला अडवतं मग ती विटेतून वाट काढते आणि थंडीत गोठून वीटच फोडते. ते सगळं उकरून परत चुन्याने भरायचं म्हणजे मोठं काम आहे, पण करण्यासारखं आहे. रंगात शिसं असणार हेही धरूनच चालायचं, १९७८ च्या आधीच्या घरांना तशी लेखी सूचना इथे कायद्यानेच द्यावी लागते.

कर्जाचं म्हणाल तर, आपण स्वतः तिथे राहणार असू तर एफएचएचं, म्हणजे सरकारी हमीचं, कर्ज असल्या घराला मिळू शकतं, पण किमान ५१ टक्के जागा राहण्याची हवी. वर दोन मजले असल्यामुळे ते बसतंय. आणि सगळ्यात आधी बघायचं ते घर शहराच्या ऐतिहासिक यादीत आहे का ते. राष्ट्रीय यादीत नाव असलं म्हणून स्वतःच्या पैशाने खिडक्या बदलायला कुणी अडवत नाही, शहराच्या यादीत असलं तर मात्र आधी हिस्टॉरिकल कमिशनची परवानगी लागते. माझं विचाराल तर असलेलंच बरं, म्हणजे आमच्यानंतरही दर्शनी भागाला कुणी हात लावणार नाही.

काल परत जाऊन आलो, यावेळी चुन्याचं काम करणाऱ्या एका गवंड्याला घेऊन. तो मागे भिंत ठोकून बघत होता तोवर मी काउंटरला टेप लावली. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत बरोबर ३६ इंच, एक वार.