एंट्रन्सची तयारी कधीपासून? माझं उत्तर: चौथीची दिवाळी

परवा बेळगावात शनिवार खुटावर ओळखीची एक ताई भेटली, मुलगा अजून यूकेजीत आणि ती मला विचारालीय, "अक्का, सहावीच्या एंट्रन्सचा क्लास आत्तापासून लावू काय?" ऐकून धस्स झालं, कारण ही चूक मी करून बसलेय.

थोरलीला मी तिसरीतच क्लासला घातलं होतं, दर रविवारी सकाळी आठला. दोन महिन्यांत असं झालं की शनिवारची रात्र आली की तिचं पोट दुखायचं, डॉक्टरांकडं जाऊन आलो, काहीच नाही. मग एकदा वही उघडून बघितली तर फळ्यावरची सगळी गणितं सुंदर अक्षरात उतरवलेली, पण तेराचा पाढा म्हणायला सांगितला तर तेरा चोकला अडकली. त्याच दिवशी क्लास बंद केला.

पहिलीच्या अ‍ॅडमिशनला मात्र काहीच तयारी नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ प्रमाणे मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घेऊन अ‍ॅडमिशन देता येत नाही, प्रायव्हेट शाळेलासुद्धा. दंड पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत, पुढं दरवेळी ५० हजारांपर्यंत. एका शाळेत माझ्या लेकीला रंग विचारले होते, ती "निळा" म्हणाली तर मॅडम म्हणतात इंग्लिशमध्ये सांग. तेव्हा मला हा कायदा माहीत असता तर गप्प बसले नसते.

खरी परीक्षा सहावीच्या अ‍ॅडमिशनची. प्रायव्हेट निवासी शाळांचे नियम ज्याचे त्याचे, पण नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा, आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं कोथळीचं) आणि सैनिक स्कूल यांचे ठरलेले आहेत. नवोदयची परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. सैनिकला ३१ मार्चला वय १० ते १२ मध्ये बसावं लागतं, म्हणून आधी जन्मदाखला काढून बघा. सैनिकचा पेपर ३०० मार्कांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे, आणि मराठीतूनही देता येतो, आपल्या मराठी शाळेतल्या पोरांनी घाबरायचं कारण नाही. आपल्याकडं सगळ्यांना साताऱ्याचं सैनिक स्कूल पाहिजे असतं पण तिथल्या ६७ टक्के जागा महाराष्ट्रातल्या मुलांना आणि आपलं डोमिसाईल कर्नाटकाचं, म्हणून कर्नाटकातल्या विजयपूर आणि कोडगूच्या सैनिक स्कूलचाही विचार करा.

आम्ही नंतर चौथीच्या दिवाळीपासून रोज अर्धा तास बसलो. पाढे, मोठ्यानं वर्तमानपत्र वाचणं, आणि दुकानात पाव किलो कुंदा घेतला की सुट्टे किती परत यायचे ते तिनंच सांगायचं. पाचवीच्या जूनपासून एंट्रन्सचे जुने पेपर घड्याळ लावून. पहिल्यांदा ती उत्तरपत्रिकेवरचा एकेक गोल इतका जपून रंगवायची की वेळ त्यातच जायचा, प्रश्न येत असून पंधरा सुटले, ते हात बसेपर्यंत दोन महिने लागले. दहा वर्षांच्या पोराला अडीच तास एका जागी बसायची सवय लावणं हेच मोठं काम आहे, ते यूकेजीत होत नाही.

ताईला तिथंच उभ्या उभ्या मुलाची जन्मतारीख विचारली आणि बोटांवर मोजून दाखवलं, चौथीच्या दिवाळीला अजून चार वर्षं आहेत.