एक इंजिन बंद पडलं, तर पुढे जायचं की उतरायचं?

ओळखीत कुणाचा परदेशप्रवास ठरला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, कारण माझी सगळी नोकरी विमानांच्या इंजिनांवर झाली. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आजची बहुतेक विमानं दोन इंजिनांची. त्यातलं एक गेलं की कमीत कमी वेळात गाठता येईल अशा योग्य विमानतळावर उतरायचं, विषय संपला. एका इंजिनावर विमान व्यवस्थित उडतं, पण पस्तीस हजार फुटांवर टिकत नाही. खालच्या दाट हवेत यावं लागतं आणि तिथे तेवढ्याच अंतराला इंधन जास्त लागतं.

वाद आहे तो चार इंजिनांचा. तिथे अमेरिकी नियमही कॅप्टनला मुभा देतो: पुढे जाणं तितकंच सुरक्षित वाटत असेल तर जा. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७, चार इंजिनांचं विमान, लॉस एंजेलिसहून लंडनला निघालं. चाकं जमिनीवरून उचलली आणि लगेच दोन नंबरच्या इंजिनात सर्ज झाला. सर्ज म्हणजे कंप्रेसरमधला (इंजिनात शिरलेली हवा दाबणारा भाग) हवेचा प्रवाह बिघडून उलटा फिरतो. धाडधाड आवाज होतात, मागून ज्वाळा निघतात. त्या ज्वाळा विमानतळाच्या कंट्रोल टॉवरलाही दिसल्या. वैमानिकांनी इंजिन बंद केलं, तपासण्या केल्या आणि तीन इंजिनांवर अख्खी अमेरिका, मग अटलांटिक पार केला. शेवटी एका टाकीतलं इंधन मिळेल याची खात्री वाटेना, म्हणून मेडे, म्हणजे आणीबाणीचा संदेश, देऊन मँचेस्टरला उतरले. अमेरिकेच्या एफएएनं (तिथली विमानवाहतूक नियामक संस्था) २५,००० डॉलर दंड प्रस्तावित केला, पुढे तो सोडून दिला.

माझं मत विचाराल, तर अमेरिका ओलांडली यात काही चुकलं नाही. खाली जागोजागी मोठे विमानतळ होते. पण न्यूयॉर्कच्या आसपास उतरायला हवं होतं. समुद्रावर दुसरी काही अडचण आली असती तर हातात पर्याय फार थोडे उरले असते.

आणि कॉकपिटमधून इंजिनाची अवस्था दिसत नाही, दिसतात फक्त आकडे. २०१० मध्ये क्वांटासच्या चार इंजिनांच्या ए-३८० विमानाच्या एका इंजिनातली टर्बाइनची फिरती डिस्क फुटली, तुकड्यांनी पंखातल्या वायरी तोडल्या. कॅप्टन सिंगापूरला परतले, हे उत्तमच केलं. उतरल्यावर त्याच बाजूचं धडधाकट इंजिन बंदच होईना. अग्निशमन दलाला ते फेस मारून विझवायला तीनेक तास लागले.