खुडूस सोडल्यावर

नातेपुत्याला एसटीतून उतरले तेव्हा दिंडीतल्या बायकांची भांडी घासायची वेळ झाली होती. भावड्या दरवर्षी इथंच येऊन मिळायचा. कारखान्यातून सुट्टी मोजकी मिळायची, म्हणून आळंदीपासून चालणं त्याला कधी जमलं नाही. नातेपुते ते पंढरपूर, अशी सात वर्षं. २०१९ची वारी करून आला आणि महिना व्हायच्या आत, एका सकाळी मी चहा घेऊन उठवायला गेले तर उठला नाही. २९ वर्षांचा होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा.

पुढच्याच वर्षी त्याच्या जागी चालायचं ठरवलं होतं. पण २०२० साली पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, २०२१ सालीही तेच. त्यामुळे २०२२ उजाडलं.

निघताना आईनं त्याचा टॉवेल माझ्या पिशवीत ठेवला. निळ्या काठाचा, त्याच्याच मागावर विणलेला. शेवटच्या वारीत त्याच्या खांद्यावर होता तो. आईनं तो धुऊ दिला नव्हता, तसाच ट्रंकेत ठेवला होता. पहिल्या वर्षी त्याला भावड्याचा वास यायचा. नंतर नुसता ट्रंकेचा यायला लागला, पण आम्ही दोघींनी ते एकमेकींना कधी सांगितलं नाही.

सदाशिवनगरचं रिंगण मला दिसलंच नाही. पुढच्यांनी मोबाइल वर धरलेले. अश्व पळून गेल्यावर टापांखालची माती तेवढी कपाळाला लावली. माळशिरसला रात्री झोप नाही, पहाटे तीनला टँकरपाशी रांग, तिथं दोन बायकांची बादलीवरून भांडणं, आणि त्याच दोघी काकड्याला शेजारी शेजारी बसून डोळे मिटून टाळ वाजवत होत्या. मला त्यांचा राग आला. खरं तर त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. "देवाला आवडला" म्हणणाऱ्यांचा सगळ्यात जास्त. घरी तीन वर्षं हेच ऐकत होते, दिंडीतही तेच. आवडला म्हणून न्यायचं असतं का? तो सात वर्षं आपल्या पायांनी चालत येत होता की त्याच्याकडे.

खुडूसचं रिंगण झालं आणि वेळापूरच्या वाटेवर डाव्या टाचेचा फोड फुटला. आदल्या दिवसापासून ठणकत होता. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दुसरा, लिंबाएवढा, तो अजून फुटायचा होता. रस्ता रुंद करताना जुनी झाडं गेली, त्यामुळे बसायला सावली म्हणून नाही. आमची दिंडी पुढे निघून गेली. मी एका बंद टपरीच्या आडोशाला बसले आणि मोजे काढायचीसुद्धा हिंमत होईना.

शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. डोक्यावरची तुळस जपून खाली ठेवली. बोलण्यावरून परभणीकडची.

"पाय दे इकडं."

"नको माउली, होईल कमी."

"दे म्हणते ना."

पाय स्वतःच ओढून मांडीवर घेतला. बटव्यातून सुई काढली, काडेपेटीच्या जाळावर धरली, दोरा ओवला आणि अंगठ्याखालच्या फोडातून आरपार नेला. पाणी भळकन आलं. दोरा दोन्हीकडून कापून आतच ठेवला. "काढू नको. दोऱ्यानं पाणी निघत ऱ्हातंय." मग फुटलेल्या टाचेकडे वळली. रक्त आणि धूळ मिळून चिखल झाला होता. तिनं माझ्या पिशवीत हात घातला, टॉवेल ओढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि पुसायला लागली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. जाणारी माणसं थांबून बघायला लागली एवढं आठवतं. तिच्या हातातून टॉवेल हिसकावला, तर त्यावर तांबडा-काळा डाग पसरलेला.

"कामून वरडायलीस?" म्हातारी जराही हलली नाही. "टावेल पुसायलाच असतोय की."

मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "कोणाचा हाय?"

"भावाचा."

"धाकटा का थोरला?"

"धाकटा."

"काय आवडायचं त्याला खायाला?"

तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कसा गेला, काय झालं होतं, डॉक्टर काय म्हणाले, लग्न ठरलं होतं का, सगळं विचारलं. मी म्हटलं, शेंगाचटणी. आणि कडक भाकरी. दही नसेल तर पानावरून उठायचा. बोलता बोलता आठवलं, चटणीचा डबा पिशवीत होता. तो काढला. तिच्याकडे भाकरी होती, चतकोर चतकोर केली. तिला दात थोडेच होते, चटणी बोटानं चाटून खात होती. "ग्वाड हाय," म्हणाली. मी तिला भावड्या मागावर कसा शिट्टी वाजवायचा ते सांगितलं. पगाराच्या दिवशी आईला गजरा आणायचा ते सांगितलं. ती फक्त "हं" म्हणायची आणि टाचेला हळद दाबायची. तिनं देवाचं नाव मधे एकदाही आणलं नाही.

मग तिची दिंडी आली. तुळस डोक्यावर घेऊन ती उठली आणि गेली. नाव विचारायचं राहिलं.

वेळापूरच्या उतारावर धावा. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. भावड्या घरी येऊन दरवर्षी हेच पहिल्यांदा सांगायचा, "अक्का, उतार आला की पाय आपले राहत नाहीत." टाळ वाजायला लागले, पुढचे सुटले, मीही सुटले. टाच कापत होती, दोरा आत ओढत होता. ओला टॉवेल खांद्यावर घेऊन मी "माउली, माउली" करत खालपर्यंत पळत गेले.

पुढे तोंडले-बोंडले, भंडीशेगाव, बाजीराव विहीर, वाखरी.

पंढरपुरात दर्शनाची रांग झेपणारी नव्हती. नामदेव पायरीपाशी उभी राहिले आणि कळसाला हात जोडले. विठोबाशी भांडायचं म्हणून घरून वाक्यं ठरवून आणली होती. गर्दीनं पुढे ढकललं, ती तोंडातच राहिली. भांडण मिटलेलं नाही. चंद्रभागेत टॉवेल धुतला. डाग थोडा राहिला.

सोलापूरला रात्री पोचले. आईनं आधी पिशवीच उघडली. टॉवेल नाकाला लावला.

"धुतलास?"

"हो."

डागावरून अंगठा फिरवत ती थोडा वेळ बसली. मग उठली आणि टॉवेल न्हाणीच्या दारामागच्या खिळ्याला अडकवला, भावड्या अडकवायचा तिथं.