आमची वाटचाल : तासाच्या भाड्यापासून बिननावाच्या फ्रेमपर्यंत

वडिलांचं दुकान पेठेत होतं. बाहेर भाड्याच्या सायकलींची ओळ, आत पाण्याचं घमेलं, सोल्यूशनच्या ट्यूब आणि एक जाडजूड वही. वहीत नाव, वेळ आणि सायकलचा नंबर. घरोघरी सायकल असलेल्या पुण्यातही भाड्याच्या सायकलीला गिऱ्हाईक होतं : गावाहून आलेले पाहुणे, नुकती शिकणारी पोरं, स्वतःची सायकल दुरुस्तीला टाकलेले कारकून. १९७२ साली लुना आली, पुढे स्कूटर सहज मिळू लागली आणि हा धंदा हळूहळू बसला. मी गल्ल्यावर बसलो तेव्हा ओव्हरऑइलिंग, पंक्चर आणि जूनमधल्या शाळकरी सायकली एवढ्यावर दुकान चाललं होतं.

जुन्या रेसिंग सायकली आमच्याकडे आपोआप यायला लागल्या. कारण इतर दुकानदार त्यांना हात लावत नसत. पाना बसायचा नाही, पार्ट मिळायचे नाहीत. यातल्या काही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढलेल्या, काही कोरेगाव पार्कात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी जाताना विकलेल्या, काही बोटीवर नोकरी करणाऱ्या कोकणातल्या मंडळींनी आणलेल्या. पुढच्या पिढीला त्यांचं काय करायचं ते कळेना, मग त्या बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात दिसत. तोवर त्यांच्यावर काळा ऑइलपेंट चढलेला असे, मागे कॅरियर आणि घोडास्टँड लागलेलं असे. स्टिकर नाही, हेडट्यूबवर (हँडलखालच्या आखूड नळीवर) बिल्ला नाही, बिल्ल्याच्या रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलेली.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला : ही कुठली हो? सुरुवातीला आम्ही हे दुरुस्तीच्या ओघात फुकट सांगायचो. पुढे असं दिसलं, की दुरुस्ती कुठेही होते, पण हे उत्तर कुठेच मिळत नाही. मग ओळख पटवण्याचं काम वेगळं काढलं, त्याची फी लावली आणि काय पाहिलं, काय मोजलं ते लेखी द्यायला लागलो. आज दुकानाचं नाव आहे ते याच कामामुळे.

आम्ही सायकल पालथी करून सुरुवात करतो. बॉटम ब्रॅकेट म्हणजे पायडलचा आस फिरतो ती जागा : फ्रेमचं आडवं नळकांडं म्हणजे कवच, आणि त्यात दोन्ही बाजूंनी पिळून बसवतात ते कप. या कपचे आटे सहसा खोटं बोलत नाहीत. कवच ७० मिमी रुंद, कप ३६ मिमीचे आणि दोन्ही बाजूंना सुलटे आटे, तर फ्रेम इटालियन. (याच सुलट्या आट्यांमुळे इटालियन सायकलचा उजवा कप चालवता चालवता सैल होतो. ती तक्रार घेऊन कोणी आलं की निम्मं काम तिथेच झालेलं असतं.) कवच ६८ मिमी आणि उजव्या कपाला उलटे आटे, तर इंग्लिश माप. पण इथे घाई करायची नाही, कारण जपानी कारखान्यांनीही हेच माप उचललं. फ्रेंच कवचही ६८ मिमीचंच, फक्त दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. कप इंग्लिशमध्ये ३४.८ मिमी आणि इंचाला २४ आटे, फ्रेंचमध्ये ३५ मिमी आणि एका मिलिमीटरला एक आटा. फरक ०.२ मिमीचा. नुसत्या व्हर्नियरवर भरवसा ठेवून फ्रेंच कप इंग्लिश कवचात पिळला की कवच कायमचं कामातून गेलं. म्हणून आटे मोजायचा गेज हातात असल्याशिवाय आमचा पोरगा मोठा पाना उचलत नाही. जाम झालेला कप काढायचं हत्यार बाजारात मिळेना, तेव्हा भोसरीतल्या एका टर्नरकडून बनवून घेतलं. आजही तेच वापरतो.

मग सीटची दांडी. तिच्यावर कोरलेलं माप वाचायचं आणि ती तिथे नीट बसत होती का, हेही पाहायचं. २७.२ मिमी म्हणजे नळी पातळ आणि फ्रेम वरच्या दर्जाची. २५.४ म्हणजे जाड, साधी नळी. फ्रेंच फ्रेमला मात्र हे गणित लावू नये. त्यांची सीटट्यूब (दांडी बसते ती नळी) बाहेरूनच २८ मिमी असते, इंग्लिश-इटालियन २८.६. म्हणून रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या इंग्लिश नळीची चांगली फ्रेंच फ्रेम २६.४ ची दांडी घेते, आणि हे माहीत नसलेला माणूस तिला हलक्या दर्जाची समजून स्वस्तात विकून टाकतो.

साल ठरवायला पार्टवरचे शिक्के कामी येतात. शिमानोच्या पार्टवर दोन अक्षरं असतात : पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६ आणि पुढे क्रमानं, दुसरं महिन्याचं. ‘जी सी’ म्हणजे मार्च १९८२. कॅम्पाग्नोलोच्या मागच्या हबच्या लॉकनटवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात, आणि सत्तरच्या दशकातल्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर (गियर बदलणाऱ्या पार्टवर) ‘पेटंट’ शब्दापुढे. स्टर्मी-आर्चरच्या हबवर तर वर्ष आणि महिना सरळ छापलेला मिळतो. ‘महायुद्धातली रॅले’ म्हणून येणाऱ्या सायकलींचं वय आम्ही तिथेच वाचून दाखवतो. बहुतेकांचा चेहरा पडतो.

पण पार्ट बदलले जातात. एका डिरेलरवरून फ्रेमचं साल सांगणारा माणूस गिऱ्हाइकाची फसवणूक करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान दोन पार्ट एकमेकांशी जुळले आणि मागच्या चाकाची जागा त्या काळाला शोभली, तरच आम्ही साल लिहितो. जागा १२० मिमी असेल तर पाच गियरचा जमाना, १२६ असेल तर सहा-सात, १३० म्हणजे त्यानंतरचा. आणि तीही कोणी पुढे ताणून वाढवलेली नाही ना, हे पाहावं लागतं.

एक काम सविस्तर सांगतो. ठाण्याहून एक ताई वडिलांची सायकल घेऊन आल्या. वडील मूळचे रत्नागिरीचे, बोटीवर इंजिनरूममध्ये. घरात सगळे म्हणायचे, ‘बाबांनी जपानहून आणली.’ काळा रंग, एकही अक्षर नाही. कवच ७० मिमी, दोन्ही आटे सुलटे. जपान तिथेच बाद. पुढचा चिमटा उतरवून त्याच्या वरच्या, स्टिअररच्या नळीत खालून टॉर्च मारला, तर आत पाच पिळदार कंगोरे : मिलानच्या कोलंबसची नळी. मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या पट्टीवर) कॅम्पाग्नोलो कोरलेलं, पण ते ड्रॉपआउट तर त्या काळी कित्येक कारागीर विकत घ्यायचे. डिरेलरवर ७८, लॉकनटवर ७८. कवचाच्या तळाला ‘५६’ ठोकलेलं. ताईंचे भाऊ म्हणाले, म्हणजे १९५६! तसं नव्हे, बरेच इटालियन कारागीर तिथे फ्रेमचं माप ठोकायचे. सीटट्यूब मोजली, ५६ सेंटिमीटर भरली.

आता बनवणारा कोण? कवचाला कोल्नागो या इटालियन कारखान्याचं किलवर-पान कापलेलं नव्हतं, दे रोझा या दुसऱ्या कारखान्याचं बदाम नव्हतं. सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) टोपणावर काही कोरलेलं नव्हतं. कवचाखाली ब्लेडनं रंगाचा नखाएवढा तुकडा उचलला. काळ्याखाली लाल प्रायमर, त्याखाली फिकट निळा. बस, तेवढंच. पुढच्या आठवड्यात ताईंनी वडिलांचं सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) आणून दाखवलं : १९७९ मध्ये जिनोआ बंदरात बोटीवरून उतरल्याची नोंद. जपानच्या गोष्टीचाही उलगडा झाला. बाबा त्याआधीच्या बोटीवर योकोहामाला जात असत, आणि घरात दोन सफरींची सरमिसळ झाली होती.

आमच्या कागदावर लिहिलं : इटली, कोलंबस नळी, १९७८ किंवा लगेच नंतर, कारागीर अज्ञात. भावाला कोल्नागोचे स्टिकर लावून हवे होते. त्याला नाही म्हटलं. बाहेर तो धंदा चालतो, आम्ही करत नाही. ताईंनी फिकट निळा रंग करून घेतला आणि हेडट्यूब कोरी ठेवली.

कागदाला किंमत आली ती परदेशातल्या मराठी मंडळींमुळेही. इटलीत गायोले इन कियांती इथे १९९७ पासून लेरोइका नावाची जुन्या सायकलींची फेरी भरते. तिथे मुख्यतः १९८७ पर्यंतच्या रोड बाइक चालतात. गियरचे दांडे डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर), पायडलला टोक्लिप (पाय अडकवायची पट्टी) आणि ब्रेकच्या केबल हँडलबारच्या बाहेरून, अशा अटी. जर्मनीत, हॉलंडमध्ये नोकरी करणारे आपले लोक तिथल्या जुन्या बाजारात बिननावाची फ्रेम घेतात आणि आधी फोटो आम्हाला धाडतात. फोटोवरून सगळं सांगता येत नाही. आटे फोटोत दिसत नाहीत. मोजून घ्यायला सांगतो, मोजताना व्हिडिओ कॉल लावायला सांगतो. ८७ नंतरची निघाली तर तसं लिहून देतो.

हिशेब आणि मापांचं रजिस्टर सौ. सांभाळते. प्रत्येक फ्रेमची मापं, शिक्के, लगांचा (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांचा) आकार, बिल्ल्याच्या भोकांमधलं अंतर, सगळं त्यात असतं. नवीन फ्रेम आली की आधी ते चाळतो. दोन भोकांमधलं अंतर जुळून जुन्या ‘अज्ञात’ नोंदीपुढे नाव लिहिता आलं, असंही झालंय. ज्यांचा पत्ता लिहिलेला असतो त्यांना फोन करून कळवतो. त्याची फी घेत नाही.

तुमच्याकडे अशी सायकल असेल तर उजव्या बाजूनं सरळ एक फोटो, मग कवचाचा तळ, दोन्ही ड्रॉपआउट, सीटलग आणि हेडट्यूब जवळून. सीटची दांडी निघत असेल तर तिच्यावरचा आकडा. रंग मात्र खरवडू नका, आणि सँडब्लास्टिंगवाल्याकडे तर अजिबात नेऊ नका. दुकान सोमवारी बंद असतं.