फुकट गेम असताना विकतचा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही, कारण एकदा काढला की थांबत नाही. प्रश्न ठरलेलाच असतो. प्ले स्टोअरवर फुकट गेम ढिगाने पडलेत, मग त्या विहिरीत पडणाऱ्या पोराच्या काळ्या-पांढऱ्या गेमला पैसे कशाला दिले? भाचा विचारतो, ऑफिसमधले विचारतात, लोकलमध्ये शेजारी बसलेले काका वाकून बघतात आणि म्हणतात, हे विकत मिळतं?

हो काका, मिळतं. नाव डाउनवेल, 2015 मध्ये आला, तेव्हा किंमत 3 डॉलरच्या आसपास, आणि बनवला एका जपानी विद्यार्थ्याने, ओजिरो फुमोतो त्याचं नाव, ऑनलाइन लोक मोप्पिन म्हणून ओळखतात. हा पोरगा टोकियोच्या कला विद्यापीठात ऑपेरा गायन शिकत होता, म्हणजे कॉम्प्युटरशी तसा संबंध नाही. गेममेकर नावाच्या सॉफ्टवेअरवर दर आठवड्याला एक छोटा गेम करायचा असं त्याने स्वतःला लावून घेतलं होतं, त्यातून हा निघाला. बनवता बनवता छोट्या छोट्या हलत्या जिफ ट्विटरवर टाकायचा, त्या डिव्हॉल्व्हर डिजिटल या पब्लिशरने पाहिल्या आणि त्याला गाठलं.

आता गेममध्ये आहे काय, तर एक पोरगा विहिरीत उडी मारतो आणि खाली जात राहतो, बस. बटणं तीन. डावीकडे, उजवीकडे आणि तिसरं एक. खरी गंमत या तिसऱ्यात आहे. जमिनीवर असताना दाबलं की उडी, हवेत असताना दाबलं की बुटातून खाली गोळी सुटते, कारण त्याच्या पायात बंदुकीचे बूट आहेत (हे सुचायला ऑपेराच शिकावं लागत असेल). गोळीने खालचा राक्षस मरतो, वाटेतली वीट फुटते, आणि गोळीच्या धक्क्याने तुमचं पडणंही जरा सावकाश होतं, म्हणजे तेच बटण हत्यार आणि तेच ब्रेक. गोळ्या मात्र मोजक्या, आणि त्या भरायच्या कशा, तर कुठेतरी पाय टेकवायचा, नाहीतर राक्षसाच्या डोक्यावर उडी मारायची. म्हणजे गोळ्या संपल्या की ज्याच्यापासून पळावंसं वाटतं त्याच्याच डोक्यावर जाऊन आदळायचं, आणि त्यातही जे लाल आहेत त्यांच्यावर पाय दिला की तुम्हालाच लागतं, काही असे की त्यांना गोळी लागतच नाही, त्यांच्या डोक्यावर पायच द्यावा लागतो, आणि हे सगळं जोरात खाली पडत असताना अर्ध्या सेकंदात ठरवायचं.

त्यावर कॉम्बो. जमिनीला पाय न लावता जितके मारत जाल तितका आकडा वाढतो, 25 च्या वर नेलात की एक जीव परत मिळतो, पण तो हिशेब चुकता होतो पाय टेकल्यावरच. त्यामुळे शहाण्या माणसाने दहा-बारावर खाली उतरावं हे कळत असतं आणि तरी आपण उतरत नाही.

निन्टेंडो या जपानी गेम कंपनीतल्या, मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतोंचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे, चांगली कल्पना तीच जी एका फटक्यात अनेक अडचणी सोडवते. फुमोतोने गेम बनवणाऱ्यांसमोर भाषण देताना याचाच दाखला दिला होता, आणि डाउनवेल खेळताना ते दिसतं. फोनची स्क्रीन उभी, म्हणून विहीर. बोटांना जागा कमी, म्हणून एकच बटण सगळं करतं. रंग तीनच, काळा, पांढरा आणि लाल, म्हणून धोका आणि वाटेत गोळा करायची रत्नं दोन्ही एका नजरेत कळतात. रत्नं साठवत गेलात की दुसरे रंग उघडतात, त्यात जुन्या गेमबॉयसारखा (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) हिरवटही आहे, मी तोच लावून ठेवलाय.

तर पैसे का, याचं उत्तर यातच आहे. एकदाच पैसे घेतले की त्या पोराला माझ्याकडून पुढे काही नको असतं. फुकटवाल्यांचं तसं नसतं, तिथे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं की हा कुठल्या लेव्हलला अडकला पाहिजे, किती वेळा हरल्यावर तीस सेकंदांची जाहिरात बघेल, एनर्जी, म्हणजे खेळायचा कोटा, कधी संपवायची, रात्री नोटिफिकेशन काय पाठवायचं. एसटी स्टँडवर गाडी थांबली की खिडकीतून आत येणाऱ्या हातांसारखं ते सुरू असतं. डाउनवेलमध्ये मी मेलो तर मेलो, त्या मरण्यावर कोणाची कमाई नाही, म्हणून ते मरणं मला पटतं. आणि नेट लागत नाही, पारसिकच्या बोगद्यातही विहीर चालू.

सगळेच फुकटवाले तसे नसतात हेही खरं. फ्लॅपी बर्ड आठवतो, पाइपांच्या मधून पक्षी उडवायचा तो? तोही एकट्या माणसाने केला होता, व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने, नुसती जाहिरातीची पट्टी होती, आणि ऐन भरात, फेब्रुवारी 2014 मध्ये, लोकांना त्याचं व्यसन लागतंय म्हणून त्याने स्वतःच तो काढून टाकला. पण असं करणारे किती निघतील?

तक्रारी माझ्याही आहेत. फोनच्या काचेवर अंगठा सरकतो आणि बटण कुठे गेलं ते कळत नाही, मग उगाच मरायला होतं, कॉम्प्युटरवर कंट्रोलर लावून खेळलं तर हाच गेम दुप्पट चांगला वाटतो. शिवाय टाइमपास म्हणून घेणार असाल तर सांगून ठेवतो, दिसायला साधा आहे पण दयामाया नाही, सुरुवातीला पहिल्याच भागात मराल आणि वैतागाल. तिसऱ्या भागात पाणी लागतं, तिथे श्वासही सांभाळावा लागतो.

पुढे फुमोतो काही काळ निन्टेंडोत होता, मग 2022 मध्ये पोइन्पी आणला, त्यात उलट, वर उड्या मारत फळं गोळा करायची आणि खालच्या राक्षसाला खाऊ घालायचं. गोड आहे, सोपाही जास्त. पण तो नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे सबस्क्रिप्शन असेल तरच. एकदाच पैसे देऊन माझा करून घ्यायची सोय तिथे नव्हती, म्हणून भाच्याला मी डाउनवेलच घेऊन दिला. सध्या तो पहिल्याच भागात मरतोय, आणि मला फोन करून विचारतोय की मामा, लालवर पाय का देता येत नाही.